मंद सायकल स्पर्धेचा चषक

आमच्या गावात बक्षीस चुकीच्या माणसाला दिलं गेलं, तर ते सवडीने उठून खऱ्या विजेत्याच्या घरी चालत जातं.

त्यामुळे आमचे परीक्षक निर्धास्त असतात. भाच्याला द्यायचं तर भाच्याला देऊन टाकतात. ढाल असो की चषक, बुडावर सरकत सरकत जिथं जायचं तिथं पोचतो. काही लोक बक्षीस काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवतात. त्यांच्याकडे चहाला गेलं की आतून टकटक ऐकू येते आणि सगळे हवापाण्यावर बोलू लागतात.

नियम एकच. चालत्या बक्षिसाला हात लावायचा नाही. जो उचलेल तो बाद. एका पैलवानाचा बाप गदा पोत्यात घालून घरी नेताना सापडला, तेव्हा माझ्या वडिलांनी हा नियम केला. वडिलांकडून मला दमा आणि क्रीडा मंडळाचं चिटणीसपद अशा दोन गोष्टी मिळाल्या. दोन्ही मी निमूटपणे सांभाळतो.

मंडळापुढे एकच प्रकरण कायम अनिर्णित होतं. यमुनाकाकू निकम आणि कुमुदकाकू बारटक्के शाळेत असताना मंद सायकल स्पर्धा झाली होती. या स्पर्धेत जो सगळ्यांत शेवटी पोचतो तो जिंकतो, आणि पाय जमिनीला टेकला की बाद. बाकीची मुलं लवकरच बाद झाली, त्यांत माझे वडीलही होते. या दोघी मात्र रेषेच्या अलीकडे जागच्या जागी डुलत राहिल्या. अंधार पडायला लागला. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांची एसटी चुकायची वेळ आली, तेव्हा त्यांनी यमुनाला विजयी घोषित केलं, कारण तेवढंच नाव त्यांच्या लक्षात होतं.

चषक आठवडाभर वरच्या आळीत यमुनाकाकूंकडे राहिला आणि मग उतार उतरून खालच्या पेठेत कुमुदकाकूंकडे गेला. लोकांना वाटलं, निकाल लागला. पण पुढच्या महिन्यात तो पुन्हा वर निघाला. तेव्हापासून त्याचं काही ठरत नाही. दोघींची लग्नं गावातच झाली, मुलं झाली, केस पिकले, आणि चषक आपला वर-खाली करत राहिला.

तो गाडीखाली सापडू नये म्हणून जिच्या घरून निघेल ती त्याच्यामागून चालत जायची. पोचल्यावर चहा व्हायचा. सुरुवातीला तोही मुकाट्याने. मग साखर कमी आहे, एवढं बोलणं सुरू झालं. पुढे तर दिवेलागण झाली तरी चहा संपायचा नाही. विनाकारण कुणाच्या घरी जाणं दोघींच्याही स्वभावात नाही. चषक होता म्हणून भेट होती.

यंदा कुमुदकाकू न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांनी अंथरूण धरलं, जेवण टाकलं. त्या दाराकडे बघत पडून असतात, असा सुनेचा निरोप वर गेला. चषक त्याच दिवशी निघाला, पण त्याचंही बूड आता झिजलं होतं. पतपेढीसमोरच्या नव्या गतिरोधकावर तो चढायचा आणि मागे घसरायचा. यमुनाकाकू शेजारी उन्हात उभ्या होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"उचलू का रे?"

"काकू, नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"तुज्या बापानं केलाय नियम. त्यानं पयल्याच वळणाला पाय टेकला हुता." त्या पुन्हा चषकाकडे बघत राहिल्या. "हे कधी पोचायचं? तवर ती ऱ्हाईल का?"

 त्यांनी वाकून चषक उचलला, पदराने पुसला आणि काखेत धरला.

"म्हण."

"यमुना निकम, बाद," मी म्हणालो. मग त्यांच्यामागून मीही उतार उतरलो.

खालच्या पेठेत कुमुदकाकूंनी काखेतला चषक पाहिला आणि त्या एकदम भडकल्या.

"उचललास? यमे, बाद झालीस की गं!"

"झाले."

"म्हणजे हा आता माझाच?"

"तुजाच. घे, जिंकलीस."

कुमुदकाकूंनी चषक पोटाशी धरला. थोड्या वेळाने त्यांचे डोळे भरून आले.

"मग आता तू कशाला येशील?"

 चषक तेवढ्यात कुमुदकाकूंच्या हातातून सुटून, चादरीवरून यमुनाकाकूंच्या दिशेने सरकू लागला. कुमुदकाकूंनी त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता मलाही म्हण."

"कुमुद बारटक्के, बाद."

दोघी बाद झाल्या की अंतिम फेरी पुन्हा घ्यावी लागते. मी तसं सांगितलं. पुरेशी पूर्वसूचना देऊन एखादी तारीख ठरवू, असंही सुचवलं.

"तारीख कसली? आत्ताच घे," कुमुदकाकू म्हणाल्या. "यमे, पाय वर घे."

यमुनाकाकूंनी चपला काढल्या आणि त्या पलंगावर मांडी घालून बसल्या. कुणाचाच पाय जमिनीला नव्हता. मी खिशातली शिट्टी काढून फुंकली.

"मी काही आधी पोचायची नाही हां, सांगून ठेवते," कुमुदकाकू म्हणाल्या.

"बघू की," यमुनाकाकू म्हणाल्या आणि त्यांनी कुमुदकाकूंचा हात हातात घेतला. हात धरू नये असा मंद सायकल स्पर्धेत नियम नाही.

सुनेने चहा आणला, त्याबरोबर कुमुदकाकूंनी पोळीही मागितली. चषक मी पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला आहे. स्पर्धा चालू आहे.