एस. पाटील आणि आमचे परबकाका

आमच्या समोरच्या दारातल्या परबकाकांना "कसे आहात?" असं विचारायचं नाही. नवीन माणूस हमखास विचारतो आणि फसतो. काका थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि गंभीर चेहऱ्याने सांगतात, "दोन जागा खाली." मागच्या वर्षी लागलेल्या वॉचमनने तर त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणायला पळाला. त्याला वाटलं, रक्तदाब. काका सांगत होते ते भारताच्या महिला फुटबॉल संघाच्या जागतिक क्रमवारीबद्दल. स्वतःच्या तब्येतीची त्यांना खबर नसते, ती काकूंना विचारायची.

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. काकांची सगळी नोकरी बसमध्ये तिकीट तपासण्यात गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण तपासणं काही सुटलं नाही. तुम्ही कुठलंही विधान केलंत की काका हात पुढे करतात. "तिकीट दाखवा." म्हणजे पुरावा द्या. मी एकदा सहज म्हटलं, "काका, नळाच्या पाण्याला वास येतोय हो." तर मला बाटली भरून आणून दाखवावी लागली. हुंगून झाल्यावर म्हणाले, "बरोबर. तुझं तिकीट चालतं."

लोक शोकेसमध्ये काचेची हरणं ठेवतात, काकांनी तिथे तीन जाड रजिस्टरं ठेवली आहेत. ब्राऊन पेपरचं कव्हर, वर लेबल, लेबलवर सुवाच्य अक्षरात 'आपल्या पोरी'. संघाने आजवर दुसऱ्या देशांशी खेळलेली प्रत्येक मॅच त्यात आहे, निदान काकांना सापडलेली प्रत्येक. कुठे झाली, कोणाशी, अकरा जणी कोण, कोण कितव्या मिनिटाला आत आली, गोल कोणी केले. आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. एखादा चुकला तर हे छापून आल्यावर काका रजिस्टर काखेत मारून दारात उभे राहतील आणि माझा रविवार गेला.

'हरलो' हा शब्द त्या घरात चालत नाही. "गोल कमी पडले," असं म्हणायचं. कधी वाट लागली असेल, तर "बरेच कमी पडले." एका मोठ्या संघाशी खेळून झाल्यावर काका दोन दिवस नुसते पेज खाऊन होते. काकूंना विचारलं तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "काय नाय गं, गोल मोजतायत अजून."

माणसंसुद्धा ते त्याच हिशेबाने ओळखतात. पहिल्या मजल्यावरचे शहा म्हणजे जपान. आवाज नाही, कटकट नाही, मीटिंगला वेळेवर येतात आणि हवं ते मंजूर करून शांतपणे घरी जातात. आमचे सेक्रेटरी म्हणजे नेपाळ. "दिसायला साधा, पण आपल्याला जिंकू देत नाही, मेला." मी कोण, असं एकदा विचारलं. काका बराच विचार करून म्हणाले, "तू राखीव गोलकीपर. काम पडत नाही, पण असलेली बरी." मी याचा राग मानायचा की नाही, हे अजून ठरवलेलं नाही.

मॅच टीव्हीवर क्वचित दिसते. मग कुठल्यातरी साईटवर शोधावी लागते आणि ती माझ्या लॅपटॉपवर शोधावी लागते. म्हणजे काका आमच्या हॉलमध्ये. राष्ट्रगीत लागलं की काका ताठ उभे, आम्हीही उभे. एकदा मी आत मटकीच्या उसळीला फोडणी देत होते, तिथूनही हाक आली, "मंजू, उभी आहेस ना?" अहो, ओट्यापाशी मी बसून काय करणार? पण गॅस बंद करून बाहेर आले आणि उभी राहिले. त्या दिवशी लसूण करपला तो करपलाच.

आपल्या क्रिकेटवाल्या पोरी वर्ल्ड कप जिंकल्या तेव्हा सोसायटीत फटाके वाजले, ढोल वाजला. काकांनी सगळ्यांना पेढे वाटले, अगदी मनापासून. फक्त प्रत्येकाला पेढा देताना विचारत होते, "आणि आपल्या फुटबॉलच्या पोरींतली तीन नावं सांग बघू." एकालाही सांगता आली नाहीत. पेढा मात्र त्यांनी कोणाचा परत घेतला नाही.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं. पण एक गोष्ट काका हसण्यावारी नेऊ देत नसत. ती म्हणजे एस. पाटील.

जुन्या मॅचेसची माहिती गोळा करणारी एक वेबसाईट आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपल्याच देशात झालेल्या एका मॅचच्या यादीत, अगदी शेवटी बदली म्हणून आत गेलेली खेळाडू आहे: एस. पाटील. काकांचं म्हणणं, अशी कोणी बाई नव्हतीच. ती होती शालिनी परब. त्यांची धाकटी बहीण, लालबागच्या चाळीत पोरांबरोबर खेळून तयार झालेली. तिला देशाची जर्सी मिळाली ती त्या एकाच मॅचला. ती शालूआत्या आता दहिसरला राहते. नवरा गेला, मुलगा पुण्याला, गुडघे दुखतात. "तिच्या डोळ्यांदेखत तिचं नाव तिथे लागलं पाहिजे," काका म्हणायचे, "एवढं एकच काम राहिलंय माझं."

ईमेल टाईप करणारी मी. काका मागे येरझारा घालत सांगणार, मी लिहिणार. "महोदय, आपल्या यादीत एक बनावट बाई शिरली आहे." मी म्हणायचे, "काका, बनावट बाई बरं दिसत नाही." "मग बिनतिकीट बाई लिही." अशी किती पत्रं गेली, मला आठवत नाही. उत्तर एकालाही आलं नाही.

आणि एक दिवस आलं. साईट चालवणारा कोणी तरुण होता, फार अदबीने लिहिलं होतं त्याने. नाव आनंदाने दुरुस्त करतो, पण दोन गोष्टी पाठवा. एक, शालिनीताईंचं सही केलेलं पत्र आणि ओळखपत्र. आणि दुसरं, परब असताना संघाच्या कागदांवर पाटील कसं आलं, तेवढं कळवा.

मला वाटलं, काका नाचतील. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि सरळ घरी गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "कसे आहात?" तर म्हणाले, "बरा आहे." मी हादरलेच. काकूंना म्हटलं, डॉक्टरकडे नेऊन आणा यांना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि नेहमीसारख्या येरझारा न घालता खुर्चीत बसले. "लिही," म्हणाले. "पाटील हे नाव मी दिलं."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

झालं होतं असं. वडील लवकर गेले होते आणि घरात शब्द चालायचा वडिलांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे अण्णांचा. शालूचं लग्न गावाकडे जमत आलेलं. त्यात संघाचं बोलावणं आलं. हाफ पँट घालून मैदानात पळणारी पोरगी म्हटल्यावर सोयरीक मोडणार आणि अण्णा तंगडं मोडणार, यात काकांना शंका नव्हती. फॉर्मवर पालकाची सही हवी होती. चोवीस वर्षांच्या काकांनी ती ठोकली आणि आडनाव लिहिलं पाटील, म्हणजे पेपरात आलं तरी कोणाला कळायला नको. घरी सांगितलं, शालू डोंबिवलीला मावशीकडे गेली आहे, बाळंतपणाला मदत म्हणून. मध्ये अण्णांना संशय आला, तर काकांनी शालूच्या अक्षरात स्वतःच पोस्टकार्ड लिहिलं. 'मी खुशाल आहे. बाळ रात्री रडते.'

मला हसू आवरेना. काका हसले नाहीत.

"जन्मभर लोकांची तिकिटं तपासली," ते म्हणाले, "आणि सख्ख्या बहिणीला खोट्या नावावर पाठवलं. देशासाठी खेळली ती, मंजू. आणि तिचं नाव कुठेच नाही. ते मी खाल्लं."

मी सगळं लिहून काढलं, त्यांच्याच शब्दांत. एकदाही त्यांना "असं लिहू नका" म्हणाले नाही.

रविवारी त्याची प्रिंट घेऊन आम्ही रिक्षा करून दहिसरला गेलो. शालूआत्यांचं घर तळमजल्यावर, नदीच्या अलीकडे. दोन खोल्या, सगळं लख्ख. आत्या बुटक्या, गोल, गाऊनवर ओढणी घेतलेल्या. यांनी कधी फुटबॉल खेळला असेल, असं सांगितलं तर मीच तिकीट मागितलं असतं. त्यांनी आधी भावाला ओरडून घेतलं, की फोन न करता येतोस, घरात मासे नाहीत. मग चष्मा लावून पत्र वाचायला घेतलं. काका समोर बसून गुडघे चोळत होते. मॅच चालू असताना चोळतात तसे.

"ह्या सगळा तू लिवलंस?" आत्यांनी मालवणीत विचारलं.

"हिने टाईप केलान. सही कर. आधार कार्डाची झेरॉक्स पण लागतली."

"आधारवर सावंत आसा, दादा. परब नावाचो एकव कागद नाय आता माझ्याकडे."

रजिस्टरात प्रत्येक पोरीचं नाव नीट लिहिणाऱ्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या बहिणीचं लग्न झालं आणि नाव बदललं, हे त्यांना माहीत होतं हो, पण त्यांच्यासाठी ती अजून शालू परबच होती.

"सासरी तुका त्रास होऊ नये म्हणान केलंय मी," काका खालच्या आवाजात म्हणाले.

आत्या हसल्या. नवऱ्याला त्यांनी लग्नानंतर आठवड्याभरात सगळं सांगून टाकलं होतं म्हणे. तो भला माणूस खूप हसला आणि म्हणाला, आधी कळलं असतं तर बघायला आलो असतो. हे सांगताना आत्यांचा आवाज जरा बारीक झाला.

काकांच्या तोंडावरचा रंगच उतरला. इतकी वर्षं ते धरून बसले होते, की निदान त्या खोट्याने बहिणीचा संसार वाचवला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मगे आता तरी दुरुस्त करूया," ते म्हणाले. "पाटील खोडूया."

आत्यांनी पत्राची घडी घातली आणि भावाच्या हातात परत दिली.

"परब बाबांचा, दादा. सावंत ह्यांचा. पाटील तेवढा माझ्या एकटीचा हा. त्या नावान मी खेळलंय. ता ऱ्हवांदे."

मी उगाच खिडकीबाहेर बघितलं, तर बाहेर कोणाच्या तरी गोधड्या वाळत होत्या. काका घडी उलगडत होते, पुन्हा घालत होते. तिकीट दाखव म्हणायला आता जागाच नव्हती. मग ते म्हणाले,

"शालू, मॅच कशी झाली ती?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्या मॅचचं मिनिटन् मिनिट ज्या माणसाला पाठ, तो विचारत होता. आत्यासुद्धा म्हणाल्या, "तुका म्हायत नाय?"

"किती-किती ता म्हायत हा. पण मी घरी होतंय, अण्णांच्या समोर बसान. तू आत गेलंस तेव्हा कसा वाटला, ता मी तुका कधी विचारूकच नाय."

आत्या गुडघ्यावर हात रेटून उठल्या. मला म्हणाल्या, "टीपॉय सरकव गं बाजूला." मी सरकवला. ओढणी त्यांनी कमरेला खोचली आणि चपला काढून लादीच्या रेघेवर उभ्या राहिल्या.

"ही लाईन. हयसून मी आत गेलंय. पाय असे लटलट कापत होते. दादा, ऊठ. तू त्यांची बॅक, माका अडवणारी. थंय फ्रिजपाशी उभो रव."

काका उठले आणि फ्रिजपाशी जाऊन उभे राहिले.