पान चौदा : स्पर्शसंमती

अर्जाच्या चौदाव्या पानावर तिसऱ्या ओळीत एक चौकोन होता. बाजू साधारण चार मिलिमीटर. आतली निळ्या बॉलपेनाची फुली उजवीकडून किंचित बाहेर डोकावत होती. समोर छापलं होतं : 'हात धरणे – नको.'

फुली वॉल्ट ओव्हर्बी यांची. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी ओरेगनच्या डोंगरांतून ओंडक्यांचा ट्रक चालवला. बायको लॉर्ना गेल्यापासून झोप नाही, भूक नाही. दोन तऱ्हेच्या गोळ्या घेऊन झाल्या. म्हणून ते यूजीन शहरातल्या 'स्टिल आल्डर' केंद्रात आले होते. इथे परवानाधारक मार्गदर्शक माणसाला मनावर अंमल चढवणाऱ्या खास अळंबीचा चहा पाजतात. मग तो सहा तास सोफ्यावर पडून आपल्याच मनात फिरून येतो आणि मार्गदर्शक शेजारी बसून राहतो. बसून राहणं हेच इथलं कौशल्य. त्याची लेखी परीक्षा असते.

मॅरेन ट्वेट त्या परीक्षेत पहिली आली होती. आधी वीस वर्षं तिने कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. पूर्वतयारीच्या बैठकीत तिने वॉल्टना अर्ज वाचून दाखवला.

"खांद्यावर हात ठेवलेला चालेल?"

"कशाला?"

"धीर द्यायला. पायावरही ठेवता येतो. पण मोज्यावरून."

"मोज्यावरून," वॉल्ट म्हणाले. "आणि हात धरायचा तो? रस्ता ओलांडायचाय?"

आणि त्यांनी पानभर 'नको'वर फुल्या मारल्या.

ठरलेल्या दिवशी बाराला त्यांनी चहा घेतला, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि दीड तास बासरी ऐकली. मग त्यांचा उजवा हात सोफ्याबाहेर आला. तळवा वर.

"मॅरेन, पोरी. हात दे जरा."

मॅरेनने पान चौदा उघडलं. "वॉल्ट, तुम्ही 'नको'वर फुली मारली आहे."

"ती मारणारा वेगळा होता."

"सही तुमचीच आहे."

"मग बोलव त्याला. मी बघतो त्याच्याकडे."

केंद्राचा नियम स्पष्ट होता : अंमल चढल्यावर संमती काढून घेता येते, वाढवता येत नाही. नियम चांगला होता. अंमलाखालच्या माणसाचा गैरफायदा घेणारे हात जगात असतात, म्हणूनच तो केलेला. पुस्तिकेत तो मॅरेननेच लिहिला होता. तिने भिंतीवरचं बटण दाबलं.

संचालिका ब्रुक डिलेनी लोकरी मोजे घालून आवाज न करता आली. नियमातलं अंतर राखून तिने त्या हाताकडे फार मायेने पाहिलं.

"वॉल्ट, मी तुमच्या हाताचा मनापासून आदर करते."

"मग धर की."

ब्रुक दारात जाऊन नियम-सल्लागार ट्रेंटशी फोनवर बोलली. ट्रेंट म्हणाला, तूर्त पर्यायी आधार द्या. वाळूची पिशवी आणून तळव्यावर ठेवण्यात आली.

"हे काय, मेलेली कोंबडी?" वॉल्टनी पिशवी खाली टाकली.

मॅरेनने रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून गाठ मारली. पाच बोटं, सदतीस अंश. हे वॉल्टना थोडं बरं वाटलं. पण स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून ट्रेंटने विचारलं, "पाणी कोणी भरलं?"

"मॅरेनने," ब्रुक म्हणाली.

"मोजा हातात धरून?"

"पायात धरून कसं भरणार, ट्रेंट?"

"मग तो अप्रत्यक्ष स्पर्श झाला. काढून घ्या. नोंद करा. आणि गृहस्थ शुद्धीवर आहेत का तपासा. असतील तर नवी सही घेता येईल."

मॅरेनने प्रश्न वाचला. "वॉल्ट, आपण आत्ता कुठे आहात?"

"चौदाव्या पानावर."

"शहराचं नाव अपेक्षित होतं," ट्रेंट म्हणाला.

आता केंद्राच्या नियम-समितीची तातडीची बैठक बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाचही सभासद ब्रुकच्या टॅबलेटवर गोळा झाले. इथल्या रिवाजाप्रमाणे कुठलीही बैठक तीन मिनिटं एकमेकांचे हात धरून सुरू होते, म्हणजे निर्णय हृदयातून येतो. पडद्यावरच्या सभासदांनी आपापला एक हात दुसऱ्या हातात धरला. व्हरांड्यात ब्रुकने स्वागतिकेचा हात धरला आणि दुसरा दारातून आत लांबवला.

"मॅरेन, तूसुद्धा. साखळी पूर्ण होऊ दे."

सोफा दाराजवळच होता. मॅरेनचा डावा हात ब्रुकच्या हातात गेला. उजवा मांडीवर राहिला. त्याच्यापासून वीतभर अंतरावर वॉल्टचा तळवा उघडा होता. सगळे डोळे मिटून श्वास मोजू लागले.

"लॉर्ना काचेच्या आत होती," वॉल्ट म्हणाले. पट्टीखालून पाणी कानाकडे ओघळत होतं. "साथीचे दिवस. दारावर पाटी होती, आत येऊ नये. मी दोनदा वाचली."

"मग?" मॅरेनने हळूच विचारलं.

"मग काय. चाळीस वर्षांत एक दंड नाही मला. तिने हात असा पुढे केला होता. मी बाहेरून हलवला. टाटा करतात तसा."

त्या साली ओरेगनात काय आणि इतरत्र काय, सगळेच पाट्या वाचत होते. तुम्हीही वाचल्या असतील. शेजारचा माणूस दुकानासमोरच्या वर्तुळातून अर्धं पाऊल सरकला, तर त्याच्याकडे डोळे वटारूनही पाहिलं असेल. पाटी बरोबरच होती. लॉर्नाच्या दफनाला सहा जण सहा-सहा फुटांवर उभे होते आणि शिस्तीबद्दल पाद्र्याने सगळ्यांचे आभार मानले होते.

तीन मिनिटं संपली. पडद्यावर एक सभासद म्हणाली, विषय नाजूक आहे, उपसमिती नेमावी. दुसऱ्याने अनुमोदन दिलं. वॉल्टची बोटं मिटू लागली, एकेक करून.

मॅरेनने डावा हात सोडवून घेतला.

"मॅरेन, कौल अजून यायचाय," ब्रुक कुजबुजली. "साखळी तुटली."

"नोंदवहीत लिही, ब्रुक," मॅरेन नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली. "दोन वाजून सतरा मिनिटं. नियम मीच लिहिलाय, मीच मोडतेय. मी यांचा हात धरतेय."