वर्ना कोवालिक यांचं काचेविषयीचं व्याख्यान

विषमतेचा अभ्यास करायला निवांतपणा लागतो, आणि तो चांगल्या कॉलेजातच मिळतो. म्हणून ओहायोतल्या आमच्या कॉलेजात 'सामाजिक विषमता आणि विविधता' हा विषय सक्तीचा आहे. अभ्यास समितीत अकरा सभासद आहेत. (विविधतेसाठी दोघांना चष्मा नाही.) मी या विभागाचा कारकून.

यंदा प्राध्यापक ॲशवर्थबाईंनी मुलांना प्रत्यक्ष श्रमिक दाखवायचं ठरवलं. भोजनगृहात एकोणीस वर्षं बशा धुणाऱ्या वर्ना कोवालिक यांना पाचारण करण्यात आलं, तेही त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. त्यामुळे कामाचा खोळंबा टळला.

वर्ना ओल्या एप्रनवरच आल्या. "हे बघा पोरांनो, मला भाषणबिषण येत नाही. फुटलेला ग्लास कागदी रुमालात गुंडाळून बशीखाली दडवू नका. धुताना आमचा हात कापला जातो. उष्ट्या बशा ठेवता तिथे शेजारी लाल बादली ठेवलीय, तिच्यात टाका. झालं."

टाळ्या थांबेनात. मार्गो नावाची मुलगी तर रडलीच.

"काच म्हणजे इथे नेमकं काय?" बाईंनी वर्गाला विचारलं.

"न दिसणारा अडथळा," प्रेस्टन म्हणाला.

"भंगलेली स्वप्नं," मार्गो नाक पुसत म्हणाली.

"अगं बाई, काच म्हणजे काच!" वर्ना म्हणाल्या. "ग्लासची!"

हे उद्गार चौतीसपैकी एकोणतीस निबंधांत वर्नांच्या नावानिशी आले. (उरलेल्या पाचांनी ते स्वतःचे म्हणून वापरले.) प्रेस्टनच्या 'बादलीचं राजकारण' या निबंधाला पारितोषिक मिळालं आणि ती लाल बादली ग्रंथालयात प्रदर्शनासाठी मांडण्यात आली. हुकूम लेखी होता. उचलून मीच नेली.

पारितोषिकाची मेजवानी भोजनगृहातच झाली. विषमतेच्या निर्मूलनासाठी ग्लास उंचावले गेले, त्यांतले तीन फुटले. बादली जागेवर नव्हती. मुलं संस्कारी, त्यांनी काचा रुमालात नीट गुंडाळून बशीखाली ठेवल्या.

वर्नांच्या उजव्या हाताला नऊ टाके पडले. दोन बोटं आता मिटत नाहीत. वर्गाने दोन मिनिटं मौन पाळलं, निषेधाचा ठराव केला (कुणाचा निषेध, हे उपसमिती ठरवणार आहे) आणि शुभेच्छापत्रावर सह्या केल्या. ते घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

"बादली कुठे गेली होती रे?" त्यांनी विचारलं.

"चौकशी चालू आहे," मी म्हणालो.

आता त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या आहेत. पुढच्या सत्रात त्यांचंही व्याख्यान आहे.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. आमच्या नियमांनुसार वाईट वाटण्याला पन्नास गुण आहेत. उरलेले पन्नास कशाचे, हे आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेलं नाही, कारण पन्नासला पास करतात. अभिनंदन. तुम्हीही पास झालात.