बिनचूक पलटण

खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया मांडणाऱ्या लघुसैनिक मंडळाच्या नियमावलीतला चौदावा नियम असा होता: रंग न दिलेला, अथवा इतिहासाला सोडून रंग दिलेला सैनिक लढाईच्या टेबलावर उतरवता येणार नाही. नियम मंडळाच्या चिटणीसांनी स्वतः लिहिला होता. हे चिटणीस दिवसा नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क होते आणि निळ्या शाईतला अर्ज काळ्या शाईत लिहून आणायला लावत, म्हणून सगळे त्यांना शाईसाहेब म्हणत. नियमामागे निव्वळ इतिहासप्रेम होतं. मंडळातल्या दाताच्या डॉक्टरांनी सगळे घोडे एकाच तपकिरी रंगात बुडवून आणले होते आणि त्या घोडदळाने शाईसाहेबांना अर्ध्या तासात धूळ चारली होती, हा केवळ योगायोग.

शाईसाहेबांना आता एकच लढाई खेळायची होती, ती दादांशी. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, जन्मभर शिवणकाम केलेले, हल्ली त्यांच्याकडेच राहणारे. लहानपणी दोघं फरशीवर बाटल्यांची झाकणं मांडून लढायचे आणि दादा मुद्दाम हरायचे. आता दादांची नजर उतरत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जेमतेम वर्षभराची मुदत दिली होती. दिसतंय तोवर एकदा खेळू या, असं दादा म्हणाले आणि शाईसाहेबांना भरून आलं. त्यांनी त्याच दिवशी इतिहासातल्या एका पलटणीचे अंगठ्याएवढे साठ सैनिक मागवले. घरात टेबल होतं, फासे होते, दादा होते. पण नियम म्हणजे नियम, आणि तो घरी लागू होत नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

चार महिने शाईसाहेब डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून रंग देत होते. कोटाची बटणं झाली, बाहीच्या पिवळ्या पट्ट्या झाल्या. मग साठ सैनिक घेऊन ते इतिहास-तपासणी उपसमितीपुढे उभे राहिले. अध्यक्ष होते दाताचे डॉक्टर. त्यांनी दाढा बघायचा आरसा फिरवून प्रत्येकाची पाठ तपासली आणि निर्णय दिला: ही पलटण तीन महिने उन्हातून चालत आली होती, तेव्हा पट्ट्या इतक्या पिवळ्या राहतील कशा? शाईसाहेबांनी निमूट मान डोलावली. आक्षेप नियमात बसत होता. खरं तर त्यांना थोडं कौतुकच वाटलं.

पट्ट्या विटवायला दोन महिने गेले. मग वाटेत दलदल होती असं निघालं, म्हणजे गुडघ्यापर्यंत चिखल आला. चिखल वाळतो न वाळतो तोच तापाच्या साथीत तेवीस जण दगावल्याची नोंद सापडली. शाईसाहेबांनी गंभीरपणे तेवीस सैनिक कमी केले. ज्यांची नाकं वाकडी रंगली होती, नेमके तेच तापाने गेले. मधल्या काळात दादांनी पेपर वाचणं सोडलं, पुढे माणसं आवाजावरून ओळखायला सुरुवात केली. पट्टी नसती तरी कोट अंगात बसला असता की, एवढंच ते म्हणायचे. शाईसाहेब सांगायचे, आता फक्त एक सही राहिली आहे.

सही झाली. पलटण बिनचूक असल्याचा दाखला शिक्क्यासह हातात पडला. खाली शेरा होता: सदर पलटण लढाई संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली होती, सबब तिला खेळ आटोपल्यानंतरच टेबलावर उभं करावं.

घरी दादा खिडकीशी बसले होते. त्यांना आता उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळत होता. शेरा वाचून दाखवताना शाईसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मांड ते," दादा म्हणाले. "तुझं मंडळ काही बघायला येत नाही. फासा पडला की आकडा सांग मला. बाकीचं माझी बोटं बघतील. चाळीस वर्षं काजं चाचपलीत मी."

आणि शाईसाहेबांनी चक्क नियम मोडला. आपले सदतीस सैनिक मांडले आणि दादांच्या बाजूला तापाने गेलेले तेवीस उभे केले. कितीतरी वर्षांनी त्यांची छाती धडधडत होती. दादांनी फासा टाकला. "पाच," शाईसाहेबांनी सांगितलं. दादा हसले आणि त्यांनी हात पुढे केला. बोट सैनिकाच्या टोपीला टेकणार, तोच शाईसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "दादा, हात नको लावूस. रंग जाईल."

दादांचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी तो मांडीवर परत ठेवला.

"बरं," ते शांतपणे म्हणाले. "हात लावायची परवानगी कोणाकडे मागायची?"

"माझ्याकडेच," शाईसाहेब सवयीने बोलून गेले.

पलटण आता काचेच्या कपाटात आहे, अंगावर धुळीचा कण नाही. शाईसाहेबांना हसायला काहीच हरकत नाही. ते स्वतःही हसतात, जरा उशिरा. फक्त तुमच्या कपाटात पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले कप असतील, त्यांतून घरच्या माणसाने शेवटचा चहा कधी घेतला होता ते आधी आठवा, आणि मग हसा.