शालू आणि लोकांची स्वयंपाकघरं

शालू कुणाच्याही घरी गेली की आधी स्वयंपाकघरात शिरते. घरची बाई ‘या, बसा’ म्हणेपर्यंत तिनं नळ सोडून पाहिलेला असतो, ओट्यावरून हात फिरवलेला असतो. मग एक मोठा सुस्कारा. “ओटा ऐसपैस आहे तुमचा. जाऊ द्या, आपल्याले काय कराचं!”

हे ती अशा काही चेहऱ्यानं म्हणते की लालबर्ऱ्याच्या माझ्या नणंदेनं तिच्या पाठोपाठ घराची दृष्ट काढली होती.

बालाघाटला आमच्या मागच्या खोलीत ती भाड्यानं राहते. नवरा विनोद फौजेत, तिकडे पंजाबात. लग्न झालेल्या जवानांना छावणीत क्वार्टर मिळतं खरं, पण क्वार्टरं मोजकी आणि संसारवाले जवान भाराभर. लग्नाला वर्षं लोटली तरी विनोदचा नंबर लागेना. शालूचा संसार त्याच्या सुटीपुरता.

सगळ्यात जास्त ती जळायची धाकट्या बहिणीवर. पुष्पाला भरवेलीच्या खाण कॉलनीत दोन खोल्या. “नवरा दुपारी जेवाले घरी येते, काकू! रोज! अन हे बाई त्याच्यावर खेकसते, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हनून!” मुक्कामाला म्हणून गेलेली शालू त्याच संध्याकाळी परत आली होती.

दिवाळीनंतर विनोदचा फोन आला. नंबर लागला! शालूनं गल्लीभर पेढे वाटले. माझ्या ओट्याकडे पहिल्यांदाच दयेनं पाहिलं. सामान बांधून झालं, आणि दुसरा फोन आला. विनोदनं क्वार्टर सोडलं होतं. त्याच्या मागच्या नंबरवाल्याची बायको पोटुशी होती, दिवस भरत आलेले, आणि राहायला गच्चीवरची पत्र्याची खोली.

“तिच्यासाठी काहून जीव तुटून राह्यला तुमचा?” शालू अंगणात फोनवर ओरडली. “मी का दगड आहो?”

मग कित्येक दिवस अबोला. त्या पोरीचं नाव रेखा. शालू तिला ‘माझ्या घरातली बाई’ म्हणायची, तेही दातओठ खात.

शेवटी राहवेना. विनोदकडून नंबर घेऊन तिनं रेखाला व्हिडिओ कॉल लावला आणि मलाही शेजारी बसवलं. “घर दिखाओ.” बिचारी रेखा एका हातानं पोट सांभाळत खोल्या दाखवत फिरली. शालूच्या नाकपुड्या फुगत चालल्या होत्या. फिरत फिरत रेखा गॅलरीत आली. खाली रस्ता, पलीकडे जवानांच्या बराकी.

शालूनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाली, “हमारे वो इसी रस्ते से जाते क्या?”

“हां दीदी, रोज शाम को.”

“कैसे दिखते?”

“मतलब?”

“थके हुए दिखते क्या?”

“हां दीदी. थोड़े.”

शालूनं ओढणीनं नाक पुसलं. “तो आवाज देना. चाय पिलाना. शक्कर कम.” आणि लगेच डोळे वटारून, “लेकिन खाने को मत बिठाना!”