मंजुळाऊसाहेबांचे फुगडीस आडोसा लाविला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, आणि परसदारीची झाडेझुडुपेही प्रसन्न असोत. शके सोळाशे बावन्न, साधारणनाम संवत्सरे, आषाढमासी ऐसे वर्तमान जाहले की, राज्याच्या धनीण मंजुळाऊसाहेब यांसी फुगडी घालावी ऐसी अनावर इच्छा जाहली. माहेरी त्यांची फुगडी पंचक्रोशीत नामांकित होती. मग सासरी येऊन राणीपद पावल्या आणि पाय जागचे हलेनात. कारण परसापलीकडे शेजारचे राज्य, आणि तेथील थोरल्या गोजराऊसाहेब आपले गच्चीवर पाट टाकोन अष्टौप्रहर बसत, आणि इकडे पापड वाळत घातले तरी "यंदा लाटणे जाड पडले" ऐसा निरोप तिकडून येई. तेव्हा राणीसाहेबांनी कारभारी अवधूतपंत यांसी बोलाविले आणि म्हणाल्या, "पंत, आम्हांस झाडांचा पडदा पाहिजे. फुगडीवाचून जीव गुदमरतो."

पंतांनी मोठी मसलत मांडिली. नारळ लावावे तर शेंडा आभाळात आणि खालून सारे उघडे, म्हणोन नारळ बरखास्त. बांबू दाट खरा, परंतु मुळे शेजारचे राज्यात शिरली की तह मोडला, म्हणोन बांबूही गेला. शेराचा चीक डोळ्यांत जातो आणि निवडुंगाने पदर फाटतो. अडुळसा बारमास हिरवा, गुरे तोंड लावीत नाहीत. परंतु राणीचे दारी खोकल्याचे झाड शोभत नाही ऐसे बोलोन पंतांनी तोही मोडीत काढिला. आणि मग म्हणाले, "सरकार, जास्वंद, तगर आणि कण्हेर लावू. आपल्याला पडदा होईल आणि देवास फुले होतील." राणीसाहेब हरखल्या आणि आपले हाताने पाणी घालो लागल्या. दोन पावसाळ्यांत कुंपण डोईवर गेले, गच्ची दिसेनाशी जाहली, आणि मग राणीसाहेबांनी पदर खोचोन दासींचे हात धरिले. परंतु दासी भिऊन बोटांची टोके तेवढी देत, मागे तोल कोणी टाकीना. ऐसी फुगडी म्हणजे अळणी भाजी. राणीसाहेब खिन्न जाहल्या.

तशांत त्या मुलखाची रीत पंत साफ विसरले होते. दुसऱ्याचे कुंपणावरचे फूल देवासाठी तोडिले तर ती चोरी नव्हे, ऐसे तेथे लहानथोर मानीत. तेव्हा पहाटे परड्या निघाल्या, आणि फुले गेली, आणि मग कळ्या गेल्या, आणि मग फांद्या वाकविता वाकविता मोडल्या, आणि श्रावण सरेतो पडद्याची चाळण जाहली. राणीसाहेबांस रडू कोसळले. मग डोळे पुसोन उजाडता त्या स्वतः कुंपणाआड दबा धरोन बसल्या. इतक्यात पाटल्या घातलेला एक हात भोकातून आत आला आणि थेट लाल जास्वंदीवर गेला. राणीसाहेबांनी मनगट पकडिले.

"सोडा बाई, आमचे देव पारोसे बसले आहेत," पलीकडून गोजराऊसाहेबांचा आवाज आला.

राणीसाहेबांनी ओढिले, थोरल्यांनी उलट ओढिले, आणि काय तो जोर वर्णावा. लग्नापासून ऐसा ताण हातास लागला नव्हता. राणीसाहेबांचा राग जागच्या जागी विरघळला.

"दुसरा हात द्या," त्या म्हणाल्या.

"त्यात परडी आहे."

"ती ठेवा खाली."

थोरल्यांनी भोकाशी तोंड आणिले. मग म्हणाल्या, "महिनाभर भोकातून पाहते आहे मी. तुमच्या त्या दासी, एकीला मेलीला तोल टाकता येत नाही." आणि परडी ठेवोन दुसरा हात आत घातला.

मग हातांची अढी पडली, पायास पाय लागले, दोघी मागे रेलल्या आणि जी फुगडी सुरू जाहली ती तगर मोडली, कण्हेर मोडली, उरलीसुरली जास्वंद आडवी जाहली तरी थांबेना. एकीचा अंबाडा सुटला आणि दुसरीची नथ कानाकडे गेली. गच्ची फिरली, राजवाडा फिरला. गलबला ऐकोन पंत धावत आले आणि म्हणाले, "सरकार, पडदा समूळ गेला." राणीसाहेब फिरता फिरताच बोलिल्या, "दोन्ही परसांस मिळोन बाहेरून अडुळसा लावा. मध्ये काही लावू नका."

सारांश, आडोसा जिच्यापासून करावयाचा ती आडोशाचे आत आली. अडुळसा पंतांनी आपले हाते लाविला. दोन्ही राज्यांचे देव त्या दिवशी दुपारपर्यंत पारोसे राहिले, परंतु कोणी कोपल्याचे ऐकिवात नाही. जाहले ते इतुके.