सातशे ब्रासचं पितळ

"जिथे पोलिसांची बुद्धी संपते, तिथे माझी सुरू होते," असं गुप्तहेर नारायणराव स्वतःबद्दल सांगत. ती पुढे कुठवर जाते हे फक्त त्यांच्या पत्नीला, सुचित्राबाईंना ठाऊक होतं, कारण प्रत्येक तपासात टेपचं दुसरं टोक त्यांच्याच हातात असे.

जामखेडजवळ राधाकृष्णांनी पाण्याच्या हौदासाठी उभ्या कडांचा खड्डा खणून घेतला होता. जेसीबी होणाऱ्या जावयाचा, हर्षलचा. साखरपुडा परवा. राधाकृष्णांनी कौतुकाने खड्डा दाखवायला नारायणरावांना बोलावलं आणि नसती आफत ओढवून घेतली.

"माती किती निघाली?"

"सव्वातीनशे ब्रास," हर्षल म्हणाला.

"ब्रास म्हणजे पितळ! गुप्तधन!" नारायणराव बायकोच्या कानात पुटपुटले.

"अहो, मातीचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट."

"तुझी परीक्षा घेत होतो."

मग मोजमाप झालं. लांबी वीस मीटर, रुंदी पंधरा. नारायणराव शिडीने तळाशी उतरले, टेपचं टोक वर सुचित्राबाईंकडे फेकलं आणि आकडा वाचला, "दहा!" तीन हजार घनमीटर, म्हणजे हजारावर ब्रास. सातशेहून जास्त ब्रास माती गायब!

"माती श्रीगोंद्याला पळवली," तळातून निदान आलं. "किंवा ती माती नव्हतीच, खनिज होतं! आणि हर्षल बघा किती शांत आहे. निरपराध माणूस इतका शांत नसतो."

राधाकृष्णांचा चेहरा उतरला. "चोराच्या घरी लेक न्हाई द्यायचो म्या."

त्यांच्या लेकीचे, सुकन्याचे डोळे भरून आले. सुचित्राबाईंना नवऱ्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तशी संधी त्यांना वरचेवर मिळत असे.

तेवढ्यात राधाकृष्णांची आई झुंबरबाई आली. "माजी शिडी कुनी नेली? शेवग्याच्या शेंगा काढायच्या हायती."

शिडीचं डोकं काठावर दिसत होतं.

"खड्डा दहा मीटर खोल आहे, आजी!" नारायणराव खालून गरजले.

"शिडी बारा फुटी हाय. तुमी खाली गेला कसं? उडी मारली व्हय?"

सुचित्राबाईंनी टेप हातात फिरवून पाहिला. एका बाजूला मीटर, दुसऱ्या बाजूला फूट. खाली जाताना टेपला पीळ पडला होता.

"अहो, दहा फूट! म्हणजे तीनच मीटर. नऊशे घनमीटर. हर्षलचा हिशोब बरोबर आहे."

"मग शिडीही कटात सामील आहे!"

"काका," हर्षल हसला, "पितळ घावलं बगा. लई उघडं पडलंय."

राधाकृष्णांनी त्याचा हात धरला. "चुकलो, जावई." सुकन्याने डोळे पुसले.

झुंबरबाईने शिडी ओढून खांद्यावर टाकली आणि चालू लागली.

"अगं, मी वर कसा येऊ?"

"या सावकाश," सुचित्राबाई टेप गुंडाळत म्हणाल्या. "साखरपुडा परवा आहे."